हाफकिन : पाटीवरच्या नावामागचा माणूस

सप्टेंबर १९९४ आठवतोय का? आपण आठवीत होतो. गणपती नुकतेच गेले होते आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी पेपरात आली. दोन दिवसांत लालबाग-परळमध्ये निम्मी माणसं नाकाला रुमाल बांधून फिरायला लागली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. वर्गात कोणी शिंकलं की आपण सगळे मागे वळून बघायचो.

त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि आपल्याला सांगितलं, की प्लेगवरची पहिली उपयोगी लस कुठे परदेशात नाही, आपल्या मुंबईतच तयार झाली. तिचा कारखाना तर शाळेपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता. नंतर शाळेची सहल हाफकिन संस्थेत गेली तेव्हा आपण सगळे सापाचं विष काढताना बघण्यात रमलो. फाटकावरचं नाव कोणाचं, हे मी तरी विचारलं नाही. मला वाटायचं, असेल कोणी इंग्रज साहेब.

तो इंग्रज नव्हता, आणि डॉक्टरही नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून काम करत असताना मी त्यांच्याविषयी वाचायला सुरुवात केली आणि मग थांबता आलं नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा बाईंनी अर्धवट सोडलेला तो तास पूर्ण करावा असं वाटलं. शेवटी थोडं आपल्या वर्गाविषयीही लिहायचं आहे.

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा. काळ्या समुद्राकाठचं ओडेसा शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. त्या साम्राज्यात ज्यू माणसानं कुठे राहायचं, काय शिकायचं, कोणती नोकरी धरायची यावर पावलोपावली बंधनं होती. हाफकिन ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला गेले. तिथं त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू मिळाले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि त्यासाठी पुढे १९०८ साली नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न हाफकिनना त्यांच्याकडूनच मिळाला.

विद्यार्थी असताना हाफकिन झारविरोधी क्रांतिकारकांच्या गटात ओढले गेले. १८८१ साली झारची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर दंगेखोरांचे हल्ले सुरू झाले. वस्तीचं रक्षण करायला उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि वर अटकही झाली. मेचनिकॉव्ह मध्ये पडले म्हणून सुटका झाली. शिक्षण झाल्यावर प्राध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी धर्म बदलून ख्रिस्ती व्हावं लागणार होतं. हाफकिननी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात साधी नोकरी धरली. एकपेशीय जिवांवर ते शोधनिबंध लिहीत राहिले.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर संस्थेत मेचनिकॉव्ह होतेच, पण रिकामी जागा होती ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. विद्यापीठाची पदवी आणि छापलेले शोधनिबंध हाती असलेल्या माणसानं ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जागा मिळेल तिथं काम करायचं, असा त्यांचा क्रम होता. आपल्यातल्या ज्यांनी पदवीनंतर मिळेल ती नोकरी पकडून रात्री पुढचा अभ्यास केला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या वेळी युरोपात कॉलऱ्याची साथ होती. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू आठ-नऊ वर्षांपूर्वीच दाखवला होता. पण जंतू ओळखणं वेगळं आणि त्याविरुद्ध शरीराला आधीच तयार करणं वेगळं. हाफकिननी तो जंतू गिनीपिगच्या पोटातून एकापाठोपाठ एक असा ३९ वेळा नेला. प्रत्येक फेरीत तो जास्त जहाल होत गेला. दुसरीकडे त्यांनी उष्णता आणि हवा यांच्या साहाय्यानं त्याच जंतूचं मवाळ रूप तयार केलं. आधी मवाळ टोचायचं, काही दिवसांनी जहाल. पहिल्यानं शरीर सावध होतं, दुसऱ्यानं पक्कं होतं. हे प्राण्यांत जमलं. माणसात जमेल का, हे बघायला दुसरा माणूस कुठून आणणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतःलाच टोचून घेतलं. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत सगळं शांत झालं. मग दुसरा डोस. त्यानंतर काही मित्र पुढे आले आणि महिनाअखेरीस त्यांनी आपलं काम पॅरिसच्या विद्वानांसमोर मांडलं.

पण निरोगी माणसाला त्रास झाला नाही म्हणजे लस उपयोगी आहे, असं होत नाही. ते ठरवायला साथ जिथं चालू आहे तिथं जावं लागतं. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीनं वाट मोकळी झाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. वय ३३. रशियन नागरिक, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नाही. इथल्या सरकारी वैद्यकीय खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना या तिन्ही गोष्टी खटकत. लोकांना तर सुई घेऊन आलेला कोणताही साहेब खटके.

पहिलं वर्ष आग्रा आणि उत्तर हिंदुस्थानात फिरण्यात गेलं. छावण्या, तुरुंग, चहाचे मळे, खेडी. १८९४ च्या वसंतात कलकत्त्याच्या काठालबागान नावाच्या गरीब वस्तीत कॉलरा आला. बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन हाफकिन तिथं पोचले. वस्तीतल्या सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं. त्यानंतर तिथं दहा जणांना कॉलरा झाला आणि त्यांतले सात दगावले. ते दहाही न टोचलेल्या ८४ पैकी होते. एकाच पाण्यावर, एकाच गल्लीत राहणारी ही माणसं. या आकड्यांनंतर कलकत्त्याच्या महापालिकेनं पुढच्या कामासाठी पैसे दिले. १८९५ च्या मध्यापर्यंत हाफकिन आणि त्यांच्या माणसांनी सुमारे ४२,००० लोकांना टोचलं होतं. त्यात हाफकिनना मलेरिया झाला, तब्येत ढासळली आणि त्यांना परतावं लागलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

आणि तेव्हा मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रोग्यांच्या गाठी तपासून हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं ते डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. धान्याच्या वखारी, उंदीर, अंधाऱ्या खोल्या, दाटीच्या चाळी. रोग गिरणगावापर्यंत यायला वेळ लागला नाही. लाखो लोक शहर सोडून गावाला गेले आणि काही जण रोगही बरोबर घेऊन गेले. सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. २०२० मध्ये करोनासाठी वापरला तो हाच कायदा. घरात शिरून झडत्या, रोग्याला उचलून नेणं, सामान जाळणं हे सगळं सुरू झालं. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच पुण्यात प्लेगच्या झडत्यांवरून संताप इतका वाढला, की २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आपण इतिहासाच्या तासाला हे शिकलो. त्याच महिन्यांत त्याच रोगावर मुंबईत एक माणूस दुसऱ्या वाटेनं काम करत होता, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात त्यांना जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. मदतनिसांपैकी एक जण ताणानं खचला, इतर सोडून गेले, तरी तीन महिन्यांत लस तयार झाली.

ही लस कशी बनवली, हे सांगण्यासारखं आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात गोमांस वापरत. इथं ते चालणार नाही हे ओळखून हाफकिननी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा केला. जंतू भरपूर वाढावेत म्हणून त्यावर तुपाचे थेंब सोडले. होय, आपलं घरचं साजूक तूप! तुपाच्या थेंबाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबायला लागे, जशा गुहेच्या छतातून चुनखडीच्या काड्या लोंबतात तशी. पात्र हलवलं की ती वाढ तळाला बसे आणि वर नवी लोंबायला लागे. असं चार ते सहा आठवडे. मग पात्र ६५ अंशांवर तासभर तापवून सगळे जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते आणि खरा जंतू आला तर शरीर गाफील राहत नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी पुन्हा स्वतःलाच टोचून घेतलं, तेही पुढे लोकांना दिलेल्या डोसाच्या कितीतरी पट. पुन्हा ताप, पुन्हा वेदना, पुन्हा काही दिवसांत बरे. त्या महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांत मृत्यू झाले, टोचलेले वाचले. कैद्यांची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारायलाच हवा. पण आधी स्वतःच्या कुशीत सुई घालून मगच दुसऱ्याकडे वळणारा हा माणूस होता, एवढं त्यांच्या बाजूनं सांगावं लागेल.

गावात अफवा तर होत्याच. सुईत गाईची चरबी आहे, डुकराचं मांस आहे, टोचलं की माणूस मरतो. अशा वेळी विशीत नुकतेच पोचलेले आगाखान पुढे आले. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. खोजा समाजातल्या हजारोंनी मग लस घेतली. सरकारच्या दहा हुकुमांनी झालं नसतं ते एका माणसानं बाही वर केल्यानं झालं.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळ उंधेरा गावी हाफकिननी जी चाचणी घेतली ती मला सगळ्यांत जास्त आवडते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवा बदल चांगला की वाईट हे ठरवायला अर्ध्या वापरकर्त्यांना तो देतात आणि अर्ध्यांना जुनंच ठेवतात. आम्हाला वाटतं हे आमचंच डोकं. हाफकिननी उंधेऱ्यात प्रत्येक घरातल्या अर्ध्या माणसांना टोचलं आणि अर्ध्यांना नाही. एकच घर, एकच अन्न, तेच उंदीर. नंतर ज्या घरांत प्लेग झाला तिथं मोजणी केली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. हा हिशोब तेव्हाच्या काळात फार थोड्यांनी इतक्या काटेकोरपणे केला होता. आणि टोचलेल्यांतही तिघं गेले, हे त्यांनी लपवलं नाही. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागे आणि घेतल्यावर ताप येई. पण मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली येत होतं. तेव्हा प्लेगवर दुसरं औषधच नव्हतं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. आपण सहलीला गेलो ती हीच इमारत. कधीकाळी तो पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ होता, मग गव्हर्नरांचं निवासस्थान. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथंच कॉलऱ्यानं मृत्यू झाला आणि गव्हर्नर मलबार हिलला राहू लागले. जिथं पूर्वी मेजवान्या होत, तिथं आता लशीच्या बाटल्या रांगेनं उभ्या राहिल्या. जगभरातून मागणी येऊ लागली. हाफकिन प्रयोगशाळेचे मुख्य संचालक होते. वय चाळीसच्या आत.

आणि मग मुल्कोवाल.

१९०२ साली पंजाबात प्लेगनं कहर मांडला होता आणि तिथल्या सरकारनं लाखोंच्या संख्येनं डोस मागितले होते. तेवढी लस वेळेत व्हावी म्हणून परळला पद्धत थोडी बदलली. जंतू रश्श्याऐवजी घट्ट माध्यमावर वाढवायचे आणि कार्बोलिक आम्ल न घालता फक्त उष्णतेनं मारायचे. पाश्चर संस्थेतही असं करत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल नावाच्या छोट्या गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. १९ घरांतली १९ माणसं. प्लेगपासून वाचायला त्यांनी विश्वासानं हात पुढे केले होते. हे एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक ५३-एन.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते. आयोगानं ठरवलं, की बाटली परळहून निघतानाच दूषित होती आणि कार्बोलिक वगळणं ही चूक होती. हाफकिनना कामावरून दूर केलं. ते १९०४ साली इंग्लंडला गेले. पंजाबातली मोहीम बंद पडली.

पण त्याच चौकशीच्या कागदांत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून निर्जंतुक करायला हवा होता. तसं न करता तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात ते मातीतच. शिवाय ती बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर बूच काढताच वास आला असता. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झालं नव्हतं.

आमच्या कामात मोठा बिघाड झाला की कारणाच्या मुळाशी जाण्यासाठी बैठक बसते. अनुभवानं एक शिकले आहे. अलीकडे जो बदल केलेला असतो आणि ज्यानं केलेला असतो, त्याच्याकडे सगळ्यांची बोटं आधी वळतात. बदल आणि बिघाड शेजारी दिसले की शोध तिथंच थांबतो. आयोगाचं तेच झालं. पद्धत बदलली होती आणि बदलणारा माणूस परका होता, डॉक्टर नव्हता, खात्याच्या लोकांना आवडत नव्हता. मग चिमट्याकडे कोण बघतो?

हाफकिन लंडनमध्ये कागदपत्रं घेऊन एकेका दारावर जात राहिले. सगळी कागदपत्रं उघड व्हायला चार वर्षं लागली. त्या वर्षांत हिंदुस्थानात लोक मरतच होते. १९०७ या एका वर्षात प्लेगनं दहा लाखांहून अधिक माणसं नेली. शेवटी मलेरियाचं डासांशी असलेलं नातं शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस उभे राहिले. त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर केलं, की परळची प्रयोगशाळा दोषी असल्याचा पुरावा नाही. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरचा खोटा आरोप आदल्याच वर्षी धुतला गेला होता. लोकांनी हाफकिन प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हटलं. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारनं त्यांना पुन्हा नोकरी दिली.

परत आले, पण परळला नाही. परळची जागा भरली गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना नेमलं, आणि नव्या लशींच्या चाचण्या घ्यायला मनाई होती. मेलेल्या जंतूंपासून कॉलऱ्याची सुधारित लस करायची त्यांची योजना कागदावरच राहिली. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलेलं नव्हतं. उतारवयात ते आपल्या धर्माकडे वळले. १९२९ मध्ये आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लशीचे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर गेले होते.

आता वर्गाचं.

नववीत प्रयोगशाळेतला नवा सूक्ष्मदर्शक पडून फुटला, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आपल्यातल्या एका मुलावर आळ आला. तो शेवटी फडकं ठेवायला आत गेला होता आणि त्याच्या नावावर आधीच्या दोन-तीन गोष्टी होत्या. सरांनी त्याला दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. त्याच्या वडिलांना बोलावलं. त्यांची गिरणी तेव्हा बंद पडत आली होती, तरी त्यांनी भिंगाचे पैसे हप्त्यानं भरले. सरांचं काय चुकलं? त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. चुकलं ते माझं. खिडकीतला उजेड हवा म्हणून तो सूक्ष्मदर्शक टेबलाच्या कडेला मी सरकवला होता आणि तास संपल्यावर तसाच ठेवून निघून आले होते. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले. हुशार मुलीकडे कोणी विचारायला आलंच नाही.

मुल्कोवालचं प्रकरण वाचल्यापासून हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. गेल्या महिन्यात ग्रुपवरून त्याचा नंबर घेतला आणि फोन केला. त्याला सगळं आठवत होतं. तो हसला आणि म्हणाला, की मला तेव्हाच अंदाज होता. वडिलांना सांगायला मात्र आवडलं असतं, असंही म्हणाला; ते आता नाहीत. हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाला लिही, माझं नाव नको. आळ भर वर्गात आला होता, म्हणून तो खोटा होता हेही सगळ्यांसमोर सांगायला हवं, एवढंच मला वाटलं. सरांनीही हे वाचावं. भिंगाचे पैसे मी संमेलनाच्या आधी त्याच्या घरी देऊन येणार आहे. तो घेईल की नाही, माहीत नाही.

संमेलनाच्या दिवशी परळ स्टेशनाकडून येणार असाल तर पाच मिनिटं वाट वाकडी करून आचार्य दोंदे मार्गावरून या. के. ई. एम. आणि टाटा हॉस्पिटलच्या गर्दीतून पुढे आलं की ते फाटक दिसेल. आठवीत आपण त्यातून साप बघायला आत गेलो होतो. या वेळी पाटीवरचं नाव वाचा.